कुळागराच्या व्हाळापर्यंत उतरणारी गाडी हवी

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

सत्तरीत आमचं कुळागर आहे. पोफळी, माड, केळी, थोडी मिरी. वरच्या डांबरी रस्त्यावरून खाली व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, जांभ्या मातीची वाट जाते. गेल्या जुलैत केळ्यांचे घड कापून ठेवले आणि भाड्याचा टेम्पो बोलावला. उतरताना तो उतरला, चढताना मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. चाकांखाली झावळ्या घातल्या, दगड टाकले, काही उपयोग झाला नाही. शेवटी सगळे घड उतरवून डोक्यावरून रस्त्यावर नेले. तोवर बरीच केळी घासून काळी पडली होती, आणि त्यांना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात निम्मा दर मिळाला.

चूक ड्रायव्हरची नव्हती. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे इंजिनवर असतं आणि ओढतात मागची चाकं. मागे माल नसेल, किंवा आमच्या घडांसारखा हलकाच असेल, तर ओल्या चढावर ती धरत नाहीत. भरला हौदा घेऊन चढायचं तर खालचा दमदार गिअर लागतो. म्हणून आम्हाला चारही चाकांना जोर देणारी, पोटाखाली उंच आणि अंगाने अरुंद गाडी हवी. आमच्या वाटा बैलगाडीच्या मापाच्या आहेत. दोन्हीकडे माड, ते तोडून रस्ता कोण करणार?

दुसरी गोष्ट हौद्याची. सोललेल्या शंभर नारळांची गोणी पन्नास-साठ किलो भरते. हल्ली नारळ उतरवणारे पाडेली मिळणं मुश्कील, तिथे गोणी उचलायला माणूस कुठून आणायचा? घरात आम्ही दोघं, दोघंही साठीच्या पुढे. छातीएवढ्या उंचीवर गोणी चढवताना कंबर जाते. हौदा ठेंगणा हवा आणि फाळके तिन्ही बाजूंनी पडणारे हवेत, म्हणजे वाट अरुंद असली तरी बाजूने माल भरता येतो. गाडी उंच आणि हौदा ठेंगणा या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात, हे मला कळतं. पण तो मेळ घालणं हे कारखान्यांचं काम आहे. सरकारने अशा गाडीला अनुदान देऊन त्याच्या अटीत ही मापं लिहिली, तर ते घालतीलही. काटक्या-कोयत्या, तीन अश्वशक्तीचा पंप, खताच्या गोणी, काजूच्या दिवसांत बोंडूंचे हारे, हे सगळं त्याच हौद्यातून जायचं असतं. बोंडू, म्हणजे काजूची फळं, तर त्याच दिवशी फेणीच्या भट्टीपर्यंत पोचले पाहिजेत.

मंत्रिमहोदय, केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात २०१४-१५ पासून ट्रॅक्टर, पॉवर टिलर यांना अनुदान आहे. भातशेतीला ते हवंच. पण कुळागरात नांगर चालत नाही. आमची खरी मेहनत वाहण्यात जाते, तेव्हा बागायतदाराचं शेतीयंत्र म्हणजे हीच गाडी. ती मात्र व्यापारी वाहन ठरते. स्वतःचेच नारळ, स्वतःचीच सुपारी फोंड्याला बागायतदार सहकारी संस्थेत न्यायची, तरी पिवळी पाटी लावायची आणि पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी गाडी तपासून फिटनेसचा दाखला करून घ्यायचा. एकूण वजन ३ हजार किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधा हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असा निकाल दिला. या दोन्हींचा आम्हाला आधार आहे. बाकीचे नियम केंद्राचे, पण रस्ता कर राज्याच्या हातात आहे.

म्हणून विनंती अशी. कृषी खात्याचं कृषी कार्ड असलेल्या बागायतदाराला अशा एका गाडीवर अनुदान द्यावं आणि तिचा रस्ता कर माफ करावा. गाडी भाड्याने फिरवली जाईल ही शंका रास्त आहे. त्यासाठी ठरावीक वर्षं विकायची नाही, अशी अट घाला, आम्ही ती पाळू. आणि मापं ठरवण्याआधी आपल्या अधिकाऱ्यांना पावसात एकदा सत्तरीत, सांग्यात, काणकोणात पाठवा. भरलेली गाडी घेऊन त्यांनी आमचा चढ चढून पाहावा.

कळावे,
सत्तरीतील एक बागायतदार