काढलेल्या प्लास्टरचे काय करायचे?

महोदय,

हाड जुळल्यावर कापून काढलेले प्लास्टर अनेक ठिकाणी सरसकट पिवळ्या, म्हणजे जाळायच्या कचऱ्याच्या, पिशवीत टाकले जाते. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांना तिथे रक्त वा स्राव लागलेले प्लास्टर अपेक्षित आहे. स्वच्छ प्लास्टर म्हणजे निव्वळ जिप्सम. ते जळत नाही, भट्टीचे इंधन मात्र खाते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरच्या गणेशमूर्ती विरघळवण्यासाठी दिलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत इथेही लागू पडते. 1 किलो कोरड्या प्लास्टरला साधारण 920 ग्रॅम बायकार्बोनेट आणि ते विरघळण्यापुरते पाच लिटर पाणी लागते. आधी कापूस सोडवून प्लास्टरचे लहान तुकडे करावेत. ते पिंपात या द्रावणात टाकून दिवसातून दोन-तीनदा ढवळावे, नाहीतर तुकड्यांवर चुन्याचा थर बसून क्रिया रेंगाळते. झाकण घट्ट लावू नये, कारण कार्बन डायऑक्साइड सुटतो. अमोनियाचा वासही येतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवावे. शेवटी तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते आणि वर अमोनियम सल्फेटचे पाणी राहते. ते नत्रयुक्त खतच, फक्त झाडांना पातळ करून द्यावे. फायबरग्लासचे प्लास्टर यात विरघळत नाही, ते वेगळेच ठेवावे.

त्याहून बरे म्हणजे गरज नसताना प्लास्टर घालूच नये. लहान मुलांच्या मनगटाचे हाड नुसते दबले असेल, तर काढता येणारी पट्टी पुरते. मग प्लास्टर कापायला यायची फेरी वाचते आणि बहुतेकदा पुन्हा काढायचा एक्स-रेही.

– एक वाचक, पुणे