टोकन देण्याआधी

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून तुला फोन नाही की पत्र नाही, हे माझं चुकलंच. बँडसॉवरून आपण भांडलो ते सोडून दे, मी तर कधीच सोडलंय. गुडघा बरा आहे, आई ठीक आहे. पण काल तुझा मेसेज वाचला, 'सोळा इंची ड्रम सँडर, चालू कंडिशन, रविवारी टोकन देतोय', आणि झोपच लागली नाही.

काचपेपर गुंडाळलेल्या ड्रमखालून फळी घासून काढणाऱ्या मशीनचं 'चालू कंडिशन' म्हणजे स्विच दाबला की ड्रम फिरतो, एवढंच. रिकामा ड्रम बघून पैसे देऊ नकोस. एकाच फळीतून कापलेल्या २० मिमी जाडीच्या, हातभर लांब दोन पट्ट्या, जाडी मोजायचा व्हर्नियर, फट मोजायचा पातळ पात्यांचा फीलर गेज आणि टॉर्च सोबत ने.

आधी प्लग काढायला लाव. काचपेपर उतरवून उघडा ड्रम टॉर्चखाली बघ. पोचे, खोल ओरखडे, जळून काळे पडलेले डाग शोध. मग ड्रम हाताने सावकाश फिरव. बेअरिंगमध्ये खरखर लागली तर धूळ आत गेलीय. काचपेपरची एक पट्टी स्वतः गुंडाळून बघ. टोकाच्या क्लिपचा स्प्रिंग मेला असेल तर पेपर तापून सैल होतो, एकावर एक चढतो आणि फाटतो.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या मशीनचा ड्रम एकाच टोकाला धरलेला आहे, दुसरं टोक मोकळं. बंद असताना दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून फीलर गेजने फट मोज. फरक दिसला तर घाबरू नकोस, तो नट-बोल्टने काढता येतो. खरी परीक्षा लाकूड घालूनच होते. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, एकाच वेळी घाल. ८० नंबरचा पेपर, एका फेरीला पाव मिमीपेक्षा जास्त नाही, अशा चार-पाच फेऱ्या कर आणि दोन्ही पट्ट्यांची जाडी व्हर्नियरने मोज. ०.१ मिमीपर्यंतचा फरक मी चालवून घेईन. पण बंद मशीनवर फट सारखी आणि चालू मशीनवर मोकळ्या टोकाची पट्टी जाड निघाली, तर दाब आल्यावर ते टोक उचललं जातंय. म्हणजे बेअरिंग किंवा ड्रम धरणाऱ्या आर्मचा सांधा गेलाय. मग किंमत कितीही उतरवू दे, तू घरी ये.

त्याच पट्टीवर पेन्सिल आडवी धरून हलका हात फिरव. फळी मिनिटाला तीन मीटर सरकते आणि ड्रम १४०० फेऱ्यांनी फिरतो, तेव्हा दर फेरीला फळी जेमतेम दोन मिमी पुढे जाते. दोन मिमीच्या सारख्या लाटा उठल्या तर ड्रमच गोल नाही. लांब, वेड्यावाकड्या लाटा असतील तर फळी पुढे नेणारा कन्व्हेयरचा पट्टा झटके देतोय. सरळ रेषेत एकच काळी ओळ आली तर तो पेपरवर साचलेला सागाच्या तेलाचा थर, मशीनचा दोष नाही. बाबू मिस्त्री त्या ओळीवरून मशीनच हाकलून द्यायचे, आठवतं?

कन्व्हेयरचा पट्टा दहा मिनिटं चालव. एका कडेला सरकत असेल तर स्क्रू पाव फेरी फिरवून थांब, लगेच पुन्हा फिरवू नकोस. त्या कडेचे धागे उसवले असतील तर तो खूप दिवस वाकडाच चाललाय. फळी अडली की बघ, रोलर फिरतोय आणि पट्टा थांबलाय का? मग पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालाय, ते काम सोपं. मोटरच अडखळली तर गिअर, कार्बन ब्रश किंवा वेगाचा कंट्रोल बोर्ड. बोर्ड मिळता मिळत नाही, म्हणून तो गेला असेल तर सौदा नको.

आणि नेमप्लेट वाच! मशीन बाहेरून आलेलं, ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असेल तर ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही; आपली वीज ५० हर्ट्झचीच राहते. मोटर हळू फिरते आणि तापते. सिंगल फेज आहे की थ्री फेज हेही आधी विचार, तुझ्या शेडमध्ये थ्री फेज नाही.

वहिनींची परीक्षा झाली का? पिंट्याला आशीर्वाद. शनिवारी ये, फीलर गेज माझाच घेऊन जा.

तुझा,
नंदू