एकाच बाकावरची दोन मुलं

संपादक महोदय,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत मी बरीच वर्षं शिकवलं. वर्गातली एक मुलगी तोंडी हिशेब फटाफट सांगायची. फळ्यापाशी बोलावलं की खडू हातात धरून गप्प उभी. तिला गणित येत होतं, चारचौघांची धास्ती होती. तिच्या शेजारचा मुलगा मिनिटभर स्वस्थ बसत नसे. त्याला शाळेमागच्या भाताच्या वाफ्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजायला लावली आणि क्षेत्रफळ त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. दोघांना एकाच पद्धतीनं शिकवलं असतं, तर दोघंही मागे पडली असती.

आपल्या सीमाभागात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या लहानपणीच शिकाव्या लागतात. वाचताना अक्षरांची गल्लत होणाऱ्या मुलाची इथं फारच ओढाताण होते, आणि आपण त्याला सरळ ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. हे मला फार लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचता-लिहिताना येणाऱ्या अशा अडचणींचा, स्पष्ट समावेश आहे. शिक्षण हक्क कायद्याचं 29 वं कलमही मूल भीती आणि तणावापासून मुक्त असावं, असं सांगतं. पण दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकानं हे एकट्यानं कसं पेलायचं?

शिक्षण खात्यानं प्रत्येक तालुक्यात मुलांशी मराठीतून बोलू शकेल असा समुपदेशक नेमावा, आणि त्यानं खेड्यातल्या शाळांनाही ठरलेल्या दिवशी भेट द्यावी.

– एक निवृत्त शिक्षिका, खानापूर