खडूची खूण

नाशिक,
मंगळवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी आडगाव ट्रक टर्मिनलजवळ एका गाडीखाली उताणा पडलो होतो, म्हणून उचलला नाही. रागावू नकोस. तीन आठवडे झाले, झाडांच्या छाटणीसाठी जुनी स्कायलिफ्ट शोधतोय, माणसाला बकेटमध्ये उभं करून वर नेणारी गाडी. गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडला छाटणीला वर चढलेल्या आपल्या सुभानच्या पायाखाली गुलमोहराची फांदी कडकन मोडली. गुलमोहर ठिसूळ, तुला ठाऊकच आहे. पोरगं दोरामुळे वाचलं, पण त्या रात्री मला काही झोप लागली नाही.

आजची गाडी म्हणजे नुसती नवरी! टाटा 407 ची चेसिस, ताजा पिवळा रंग, एका सेल्फला सुरू, किलोमीटर फक्त 41 हजार. मी भुललोच होतो. पण ही गाडी कमावते ती उभ्या जागी: इंजिन चालू, पीटीओवर, म्हणजे इंजिनच्याच ताकदीवर, तेलाचा पंप फिरतोय आणि किलोमीटरचा काटा ढिम्म. तासांचा मीटर पाहायला गेलो तर तो नेमका बंद! मग बकेटमध्ये सिमेंटच्या 3 गोण्या टाकून बूम, म्हणजे बकेटचा लांब हात, वर नेला, इंजिन बंद केलं आणि बूम उचलणाऱ्या सिलिंडरच्या तोंडापासून चार बोटांवर रॉडला खडूची खूण केली. मालकाने चहा मागवला. चहा संपेस्तोवर खूण तोंडाशी आली, म्हणजे बूम आपोआप खाली बसत होता. सील गेलंय, नाहीतर तेल अडवून धरणारा होल्डिंग व्हॉल्व्ह. मालक म्हणतो, “तेल गरम झालं की बसतं थोडं.” बसतं म्हणे! वर सुभान असेल रे. आणि जोडांवरच्या वेल्डिंगवर तेवढा रंग जाड का, हे मी विचारलंच नाही.

त्याआधीची पथदिव्यांच्या कामातली होती, 9 मीटरची. त्यात माणसाच्या हाताची उंचीही धरलेली असते. बकेटचा तळ त्याहून दीडदोन मीटर खालीच राहतो. दिव्याला ठीक, पर्जन्यवृक्षाला नाही. शिवाय झाड असतं गटारापलीकडे, कंपाउंडच्या आत. आडवी पोचही हवी. फायबरच्या बकेटचं मात्र मला कौतुक नाही. बूम पोलादी असला तर 11 केव्हीच्या तारेजवळ ती बकेट काय वाचवणार? महावितरणने लाइन बंद केल्याशिवाय आपण वर जाणार नाही.

आता सातपूरची एक डोक्यात आहे. रंग उडालेला, दरवाजा दोरीने बांधलेला, पण खडूची खूण अर्धा तास जागची हलली नाही. इंजिन बंद करून हातपंपाने बकेट खाली आणून पाहिली, तीही आली. आरसीवर लिफ्टची नोंद आहे. गाडी आठ वर्षांवरची, म्हणजे फिटनेस दरवर्षी; चालेल. खटकतंय ते हायड्रॉलिकचं तेल. पाणी शिरलं की ते ताकासारखं होतं, आणि हे मला किंचित गढूळ वाटतंय. बाटलीत भरून खिडकीत ठेवलंय. आई दोनदा विचारून गेली, काढा कोणासाठी?

रविवारी येऊन जा. बूम ज्यावर गोल फिरतो त्या टर्नटेबलचे बोल्ट तू बघ. बकेट धरून हलवली तर बुडाशी टक्क असा आवाज येतो, आणि तेवढा कान मला नाही. सकाळी मिसळ माझ्याकडे.

तुझा,
दिगू