वरून काढलेल्या फोटोवरून नाव सांगता येत नाही

प्रिय अविनाश,

फोटो मिळाले. छत्री सुरेख दिसते, पण एवढ्याशा तपकिरी अळंबीचं नाव वरून काढलेल्या फोटोवरून कुणालाच सांगता यायचं नाही. रंग तर सगळ्यात दगाबाज. भिजलेली छत्री गडद असते, कडेला गिल्सच्या, म्हणजे छत्रीखालच्या पातळ पडद्यांच्या, रेषा उमटलेल्या दिसतात; तीच सुकायला लागली की फिकट पडते आणि रेषाही पुसल्या जातात.

पुढच्या वेळी खुडू नकोस. चाकूने भोवतीची माती सैल करून बुडासकट उचल, नाहीतर देठाच्या तळाची पिशवी किंवा गाठ मातीतच राहते. कोवळी, उमललेली, जून अशा तिन्ही घे आणि कागदी पाकिटात ठेव. प्लास्टिकमध्ये घामेजून सडतात. कशावर उगवली तेही तिथेच टिपून घे. मातीतून आल्यासारखी वाटते, पण खाली फांदी गाडलेली असते, तेव्हा जरा उकरून बघ.

घरी एकीला उभी चीर दे. गिल्स देठाला चिकटल्यात, देठावरून खाली उतरल्यात, की देठापर्यंत पोचतच नाहीत, ते भिंगातून बघ. मग देठ मोड. मायसीना आणि मॅरास्मियस हे छोट्या अळंब्यांचे दोन गट; मायसीनाचा देठ सहसा पोकळ असतो, पटकन मोडतो, मॅरास्मियसचा चिवट. मोडल्यावर काळपट लाल रस आला तर काम सोपं: कुजक्या लाकडावर झुबक्याने असेल तर बहुधा मायसीना हिमॅटोपस, पाचोळ्यात सुटी आणि गिल्सच्या कडा लालसर असतील तर मायसीना सँग्विनोलेंटा.

खरा निकाल बीजाणूंच्या ठशाचा, म्हणजे गिल्समधून कागदावर गळणाऱ्या बारीक भुकटीचा. देठ कापून छत्री गिल्स खाली करून अशी ठेव, की अर्धी पांढऱ्या कागदावर येईल, अर्धी काळ्या. पांढऱ्यावर पांढरा ठसा दिसत नाही, म्हणून ही खटपट. छत्री सुकली असेल तर वर पाण्याचा एक थेंब टाक, वाटी झाक आणि रात्रभर हलवू नकोस. अगदी कोवळी असेल तर ठसा पडत नाही. गिल्सच्या रंगावरून ठशाचा अंदाज बांधू नकोस, बरेचदा चुकतो.

मायसीनाचा ठसा पांढरा. गंजासारखा तपकिरी आला आणि अळंबी लाकडावरची असली, तर गॅलेरिना मार्जिनाटाचा संशय धर. तिच्यात अ‍ॅमाटॉक्सिन असतं, यकृत निकामी करणारं विष. देठावरचं नाजूक कडं गळूनही जातं, त्यामुळे कडं नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस. खाण्याचा तर विचारही नको.

ठशाचा रंग दिवसाउजेडी बघून कळव, सोबत गिल्सचा आणि बुडाचा फोटो पाठव.

तुझा,
माधव