आरती प्रभू आणि खानोलकर एकच, हे मुलांना कळू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, ८ मार्च २०३० ला ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहिणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. हातात वेळ आहे म्हणूनच आत्ता लिहितोय, कारण आपल्याकडे शताब्दी तोंडावर आली की एक समिती बसते, एक कार्यक्रम होतो आणि विषय संपतो.

मागच्या महिन्यात आमच्या लायब्ररीत एक कॉलेजचा मुलगा खानोलकरांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी परत करायला आला, पुस्तक हातातून सोडवत नव्हतं त्याला, यांचं अजून काही आहे का म्हणाला. मी कवितांच्या कपाटातून ‘जोगवा’ काढून दिला तर वरचं नाव वाचून म्हणतो, काका, हे तर आरती प्रभू, दुसरे लेखक. दोघं एकच हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं! मग तिथेच उभ्या उभ्या वाचत बसला.

वेंगुर्ल्याकडचा हा माणूस, कुडाळला खाणावळ चालवता चालवता कविता लिहीत होता. १९५९ ला ‘जोगवा’, मग १९६२ या एकाच वर्षात ‘दिवेलागण’ हा कवितासंग्रह आणि ‘रात्र काळी घागर काळी’ ही कादंबरी, १९६६ ला ‘एक शून्य बाजीराव’ रंगभूमीवर, पुढे ‘अवध्य’, शिवाय जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून ‘अजब न्याय वर्तुळाचा’. मला तर वाटतं आतला कवी नसता तर बाजीरावाच्या तोंडी ती भाषा आलीच नसती, म्हणूनच हे सगळं वेगवेगळ्या कपाटांत ठेवणं मला पटत नाही. २६ एप्रिल १९७६ ला गेले तेव्हा फक्त ४६ वर्षांचे होते हो. ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला साहित्य अकादमी मिळालं ते १९७८ ला, ते बघायला ते नव्हते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झालाच, पण आता काम दिसू द्या. वारसांशी आणि प्रकाशकांशी बोलून साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून कविता, कादंबऱ्या, नाटकं असं सगळं लेखन एका संचात काढा, परवडेल अशा किमतीत. आणि राज्य नाट्य स्पर्धेत त्या वर्षी त्यांची नाटकं करणाऱ्या हौशी संस्थांना जादा निर्मिती खर्च द्या, मोठी टीम आणि सेट परवडत नाही म्हणून ही नाटकं कुणी उचलत नाही. सिंधुदुर्गातल्या मुलांना तरी बाजीराव स्टेजवर बघायला मिळू दे.

आपला,
लायब्ररीत काम करणारा एक वाचक