प्लास्टर रूममधल्या ताईंना

प्रिय ताई,

डॉक्टर बाळाचं पाऊल धरून बसलेले असतात, तेव्हा कापूस आणि प्लास्टरची पट्टी गुंडाळणारे हात तुमचे असतात. पुढच्या आठवड्यात घरी काय बघायचं, कशाने घाबरायचं आणि कशाने अजिबात घाबरायचं नाही, हेही तुम्हीच सांगता. हे आभार मुख्यतः त्या सांगण्याबद्दल आहेत. क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतःच आत वळलेल्या पावलाच्या, उपचारात बरोबर चाललेल्या कितीतरी गोष्टी पालकाच्या डोळ्याला चुकलेल्या दिसतात. त्या घडायच्या आधी कोणी सांगितल्या नाहीत, तर उपचार अर्ध्यावर सुटतात.

पहिलं प्लास्टरच बघा. आत वळलेलं पाऊल सरळ व्हायला आलेलं असतं आणि प्लास्टरनंतर तळवा आणखीच वर वळलेला दिसतो. पाय बिघडवला की काय, असं कोणालाही वाटेल. तुम्ही आधीच सांगून ठेवता की या पावलाची कमान उंच असते, कारण अंगठ्याकडची बाजू खाली झुकलेली असते. ती उचलून चवडा टाचेच्या रेषेत आणल्याशिवाय पुढचं काहीच सुटत नाही. मग दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं बाहेर वळतं. त्या वेळी डॉक्टरांचा अंगठा घोट्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकावर टेकलेला असतो आणि टाचेला कोणी हात लावत नाही. पाऊल बाहेर वळलं की टाच आपोआप सरळ होते. तिला धरून ठेवलं तर तीच अडते. घोट्यातून पाऊल वर उचलणं सगळ्यात शेवटी. ते घाईने आधी केलं, तर पाऊल मधूनच वाकतं आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. आयोवा विद्यापीठातल्या डॉ. इग्नासियो पाँसेटी यांनी बसवलेला हा क्रम तुम्ही आईच्या हातात बाळाचा पाय देऊन समजावता. ते कुठल्याही चित्रापेक्षा लवकर कळतं.

प्लास्टर मांडीच्या वरपर्यंत आणि गुडघा काटकोनात का, हा प्रश्न तुम्हाला रोज येत असणार. गुडघ्याखालचं प्लास्टर बाळाच्या गुबगुबीत पायावरून घसरतं आणि पावलाला बाहेर वळवून धरू शकत नाही. साधारण 5 ते 6 प्लास्टर, दर 5 ते 7 दिवसांनी एक.

घरच्या काळजीबद्दल तुमचं सांगणं मोजकं आणि नेमकं असतं. पहिले 12 तास दर तासाला आणि नंतर दिवसातून 4 वेळा बोटं दाबून बघायची: पांढरी होऊन लगेच पुन्हा गुलाबी झाली तर रक्त नीट फिरतंय. काळसर पडली, गार लागली किंवा सुजली, तर त्याच वेळी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. दुसरी खूण त्याहून महत्त्वाची, आणि तीच पालकांकडून निसटते. बोटांची टोकं आणि प्लास्टरची कड यांतलं अंतर पहिल्याच दिवशी लक्षात ठेवायचं. बोटं आत जाताना दिसली, म्हणजे बोटं आखडली असं नव्हे. प्लास्टर खाली घसरलंय. घसरलेलं प्लास्टर पाऊल चुकीच्या जागी दाबतं, त्वचा सोलवटते आणि सूज येते. ते तसंच ठेवण्यापेक्षा काढलेलं बरं. साध्या प्लास्टरला पूर्ण वाळायला दिवसभर लागतो, तोवर टाच उशीच्या कडेबाहेर अधांतरी ठेवायची, नाहीतर ओलं प्लास्टर तिथे दबतं. आंघोळ ओल्या कापडाने. डायपर घट्ट आणि प्लास्टरच्या वरच्या कडेच्या आत न जाणारा, वारंवार बदललेला.

आणि प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढायचं नाही. हे तुम्ही दोनदा सांगता, बरं करता. पाऊल मोकळं राहिलं की कमावलेलं थोडं लगेच मागे सरकतं.

टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) कापण्याचं नाव काढलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. बहुतेक बाळांना ती लागते, कारण ही जाड शीर नुसत्या प्लास्टरने पुरेशी ताणत नाही. काम काही मिनिटांचं, बऱ्याचदा जागा बधिर करूनच होतं. पुढचं प्लास्टर 3 आठवडे राहतं आणि तेवढ्या काळात शीर लांब होऊन पुन्हा जुळते. या प्लास्टरवर रक्ताचा छोटा डाग दिसेल, हे तुम्ही आधी सांगता. तो पसरत गेला तर कळवा, हेही. प्लास्टर निघाल्यावर पाऊल 60 ते 70 अंश बाहेर वळलेलं दिसतं. "आता उलट्या बाजूला वाकडं झालं," असं कोणीतरी म्हणणारच. ते मुद्दाम जास्त वळवलेलं असतं, कारण पाऊल पुन्हा आत यायला बघतं. मूल चालू लागल्यावर ते हळूहळू सरळ दिसायला लागतं.

आता ब्रेस, म्हणजे दांडीने जोडलेले दोन बूट. तुमचे सगळ्यात जास्त आभार इथे मानायचे आहेत, कारण पाऊल सरळ दिसू लागल्यावर लोकांना उपचार संपले असं वाटतं. खरं तर लांबचा टप्पा तिथून सुरू होतो. पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून 12 ते 14 तास, वयाच्या 4 ते 5 वर्षांपर्यंत. एकच पाय वाकडा असला तरी बूट दोन्ही पायांना, दांडी खांद्यांच्या रुंदीइतकी. वाकडा पाय 60 ते 70 अंशांवर, चांगला 30 ते 40 वर. पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण ब्रेस सुटणं हेच आहे.

तुमची बूट घालण्याची शिकवण इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या पालकांच्याही उपयोगी पडेल. सुती मोजा, सुरकुती न ठेवता. बाळ शांत असेल तर जास्त वाकडा पाय आधी. लाथा झाडत असेल तर चांगला पाय आधी, म्हणजे दुसरा बूट घालताना ते स्वतःच पाय आत ढकलतं. गुडघा वाकवून टाच बुटाच्या तळाला टेकवायची, जीभ सपाट करायची आणि सगळ्यात आधी घोट्यावरचा पट्टा आवळायचा. बाकीचं नंतर. मग पोटरी धरून पाय हलकेच वर-खाली ओढून बघायचं. बोटं पुढे-मागे सरकली तर टाच बसलेली नाही, पट्टा पुन्हा. कुठलं भोक वापरलं त्यावर खूण करू नका, असं तुम्ही बजावता, कारण चामडं ताणतं आणि खूण खोटी ठरते. खूण करायची ती बुटाच्या आतल्या तळावर, बोटं कुठवर येतात तिथे.

फोड आला की पालक पट्टा सैल करतात, आणि फोड वाढतो. टाचेमागचा फोड बहुतेक वेळा सैल पट्ट्याने येतो: टाच आत वर-खाली घासते. बूट काढल्यावर थोडी लाली चालते, ती ओसरते. लालीवर क्रीम चोळलं तर त्वचा आणखी मऊ पडते आणि सोलते. जखम झाली तर मात्र घरी प्रयोग न करता तुमच्याकडे यायचं.

पहिले दोन दिवस बाळ कुरकुरतं. दुखतं म्हणून नाही. दोन्ही पाय एकत्र हलवायची त्याला सवय नसते. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, सरळ करायचे, खेळासारखं. दांडीला कापड गुंडाळायचं. रडलं म्हणून काढला तर रडलं की सुटतो, हे ते दोन दिवसांत शिकतं. दांडीचे स्क्रू मधूनमधून तपासायचे.

आणखी एक. गरोदरपणात आईने काही केलं किंवा केलं नाही म्हणून पाऊल वाकडं होत नाही, हे तुम्ही आईला सांगताच, पण सोबत आलेल्या नातेवाइकांसमोर मुद्दाम मोठ्याने सांगता. त्याचे वेगळे आभार.

बूट लहान झाला की बोटं कडेबाहेर वळू लागतात. पुढच्या मापाचे बूट घेऊन येऊ, तेव्हा आत बोटांची नवी रेघ तुमच्याच हाताने काढून द्या.

तुमचे,
ब्रेस लावणाऱ्या बाळांचे आईवडील